पत्ता कोरलेला होता : रोअनोकच्या हरवलेल्या माता आणि मुले

१/ १८ ऑगस्ट १५८७. आजच्या अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगत असलेल्या रोअनोक बेटावर एलेनॉर डेअर या इंग्रज स्त्रीने मुलीला जन्म दिला. मुलीचे नाव व्हर्जिनिया. बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, तिचे आजोबा बेटावर परतले. तेव्हा मायलेकी तेथे नव्हत्या. त्यानंतर त्या कोणाही इंग्रजाच्या दृष्टीस पडल्याची नोंद नाही.

२/ हरवलेल्या त्या दोघीच नव्हत्या. सर वॉल्टर रॅले याच्या सनदेखाली वसलेल्या या वसाहतीत सुमारे ११५ माणसे होती. त्यांत १७ स्त्रिया आणि इंग्लंडहून आलेले ९ मुलगे होते. १५८५ ची आधीची तुकडी केवळ पुरुषांची होती. या वेळी मात्र कुटुंबे कायमची राहण्यासाठी आली होती.

३/ जागा मात्र घातकी होती. त्यांना उत्तरेकडे चेसापीक उपसागरावर वसायचे होते. पण जहाजांचा मुख्य नाविक सायमन फर्नांडिस याने त्यांना रोअनोकलाच उतरवले. तेथे १५८६ मध्ये आधीच्या तुकडीने स्थानिक प्रमुख विंगिना याला ठार केले होते. नवे लोक उतरून आठवडा होतो न होतो तोच त्यांच्यापैकी एकाची हत्या झाली.

४/ मित्र उरले ते दक्षिणेकडील क्रोएटोअन बेटाचे लोक. त्यांच्यातील मँटिओ दोनदा इंग्लंडला जाऊन आला होता. वसाहतीचा गव्हर्नर जॉन व्हाइट हा एलेनॉरचा पिता. रसद आणण्यासाठी त्यानेच जावे, असा आग्रह वसाहतकऱ्यांनी धरला. २७ ऑगस्टला तो निघाला, तेव्हा नात नऊ दिवसांची होती.

५/ निघण्यापूर्वी एक खूण ठरली. स्थलांतर झाल्यास नव्या ठिकाणाचे नाव कोरून ठेवायचे. संकटात जावे लागले, तर नावावर क्रूसही कोरायचा.

६/ व्हाइट इंग्लंडला पोहोचला आणि युद्धात अडकला. स्पेनच्या आरमाराच्या भीतीने जहाजांना बंदर सोडण्याची मनाई झाली. १५८८ मध्ये दोन लहान गलबते मिळाली. पण वाटेत फ्रेंच चाच्यांनी लूट केली. अखेर १५९० मध्ये स्पॅनिश जहाजे लुटण्यास निघालेल्या ताफ्याबरोबर तो प्रवासी म्हणून निघाला.

७/ किनाऱ्याशी एक होडी उलटून सात जण बुडाले. रात्री बेटावर आग दिसली. होडीतल्यांनी तुतारी वाजवली, ओळखीची इंग्रजी गाणी गायिली. उत्तर आले नाही. सकाळी एका झाडावर तीन अक्षरे दिसली : ‘सी-आर-ओ’. कुंपणाच्या खांबावर पूर्ण शब्द होता : ‘क्रोएटोअन’. क्रूस कोठेही नव्हता. घरे उतरवून नेलेली होती.

८/ म्हणजे पत्ता मिळाला होता. क्रोएटोअन, आजचे हॅटरस, तेथून सुमारे ८० किलोमीटरवर. पण वादळ उठले, दोर तुटले, नांगर गेले आणि ताफा परतला. व्हाइट पुन्हा अमेरिकेला जाऊ शकला नाही. १५९३ मध्ये आयर्लंडहून लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या माणसांना ईश्वराच्या हाती सोपवले.

९/ पुढचा शोध कोणी घेतला? १६०२ मध्ये रॅलेने सॅम्युअल मेस याला धाडले. त्याने किनाऱ्यावर औषधी सॅसाफ्रास गोळा केले आणि खराब हवामानाचे कारण देऊन तो परतला. १६०७ मध्ये जेम्सटाउन वसले. तेथील इंग्रजांच्या कानावर आले, की पोहटन या राजाने रोअनोकच्या लोकांना मारले. पण एकही सांगाडा त्याची साक्ष देत नाही.

१०/ उलट दिशेचीही साक्ष आहे. जॉन लॉसनच्या १७०९ च्या ग्रंथात हॅटरसचे लोक सांगतात, की आमचे काही पूर्वज गोरे होते आणि त्यांना वाचता येत असे. बेटावरील उत्खननात इंग्रजी वस्तू निघाल्या आहेत; पण त्या वस्तीतून आल्या की व्यापारातून, यावर एकमत नाही. २०१२ मध्ये व्हाइटच्या नकाशावरील ठिगळाखाली किल्ल्याचे चिन्ह आढळले. ते मात्र मुख्य भूमीवर, पश्चिमेकडे, बोट दाखवते.

११/ आईचा आवाज मात्र कोठेच नाही. १९३७ मध्ये एलेनॉरच्या नावाने कोरलेला एक दगड पुढे आला : पती आणि मुलगी १५९१ मध्ये गेली, असे त्यावर लिहिले होते. त्यामागून चाळीसहून अधिक दगड आले. १९४१ मध्ये ते बनावट ठरले. पहिल्या दगडावर अजूनही वाद आहे.

१२/ या प्रकरणाला ‘रहस्य’ म्हटले जाते. पण वसाहतकऱ्यांनी ठरल्याप्रमाणे खूण सोडली होती. ती वाचली गेल्यावरही कोणी इंग्रज त्या काळी त्यांच्या शोधार्थ क्रोएटोअनला पोहोचल्याची नोंद नाही. युद्ध, लूट आणि व्यापार यांतून वेळ उरला, तरच शोध घेतला गेला.

१३/ व्हाइटच्या यादीत बेटावर जन्मलेली दोन मुले आहेत. एक व्हर्जिनिया डेअर. तिच्या नावाने आज जिल्हा आहे, स्मारके आहेत. दुसरे मार्जरी हार्वी हिचे मूल. त्याच्यासाठी यादीत केवळ आडनाव आहे.