दोन टक्के म्हणजे किती?

गेल्या महिन्यात बाबांची बायपास झाली. (आता उत्तम आहेत. रोज सकाळी सोसायटीला पाच फेऱ्या मारतात आणि वॉचमनला राजकारण शिकवतात. त्यामुळे शेवटी काय होतं ही धाकधूक वाचताना नको.) ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी आम्हाला केबिनमध्ये बसवून सगळं समजावलं. तीन ठिकाणी ब्लॉक, पायातली शीर काढून तिकडे जोडायची, चार-पाच तास लागतील वगैरे. आणि मग उठता उठता म्हणाले, "रिस्क साधारण दोन टक्के." आईने मान हलवली. बाहेर आल्यावर मला हळूच विचारलं, "दोन टक्के म्हणजे किती रे?"

चार वर्षं इंजिनियरिंग, त्यात दोनदा स्टॅटिस्टिक्स, आणि मला उत्तर देता येईना. शंभरात दोन हे तिलाही कळत होतं. तिचा प्रश्न वेगळा होता. कुठल्या शंभरात? त्यात बाबांसारखे डायबिटीसवाले किती? आणि हे शंभर या डॉक्टरांचे, की भलत्याच कुणाचे?

तेव्हा मी "कमी आहे गं" म्हणून वेळ मारून नेली. नंतरचे दोन विकांत मात्र हा आकडा येतो कुठून हे शोधण्यात गेले. गोष्ट भलतीच रंजक निघाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात एका फजितीपासून करू. १९८६ साली अमेरिकन सरकारच्या मेडिकेअर चालवणाऱ्या खात्याने ठरवलं की कुठल्या हॉस्पिटलात किती पेशंट दगावतात हे जाहीर करायचं. पारदर्शकता! यादी आली. तीत सर्वात भयंकर मृत्युदर असलेली संस्था होती ८७.६ टक्क्यांची. चौकशी केली तर ते हॉस्पिटलच नव्हतं, हॉस्पिस होतं. म्हणजे जिथे माणसं अखेरचे दिवस सुखाने जावेत म्हणूनच दाखल होतात अशी जागा. टेस्टिंग टीमला सगळ्यात जास्त बग सापडतात म्हणून त्यांना सगळ्यात वाईट टीम ठरवण्यासारखंच हे!

हार्ट सर्जन मंडळी साहजिकच खवळली. जो अवघड पेशंट घेतो त्याचे आकडे वाईट दिसणार, जो सोप्या केसेस निवडतो तो चकचकीत दिसणार. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचे सर्जन व्हिक्टर पार्सोनेट यांनी १९८९ मध्ये यावर एक तोडगा छापला. साधारण ३५०० जुनी ऑपरेशन्स तपासून त्यांनी वय, लठ्ठपणा, डायबिटीस, हृदयाची ताकद, आधी झालेलं ऑपरेशन अशा गोष्टींना गुण दिले. गुणांची बेरीज करा, की या पेशंटला किती धोका 'अपेक्षित' आहे ते कळतं. कॉम्प्युटर नको, कागद-पेन्सिल पुरे. यातली माझी आवडती ओळ 'महाभयंकर अवस्था' या सदराखालची. तिथे डॉक्टरने स्वतःच्या अंदाजाने १० ते ५० गुण द्यायचे. एस्टिमेशनच्या एक्सेल शीटमध्ये आपण बफर टाकतो, तसंच. :-)

तरी कल्पना मोठी होती. नुसता मृत्युदर काहीच सांगत नाही. 'अपेक्षित किती होते आणि झाले किती' हे शेजारी ठेवलं की मगच तो बोलू लागतो.

त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्याने हेच सरकारी पातळीवर सुरू केलं. १९८९ पासून प्रत्येक बायपासचा विदा गोळा करायचा, पेशंटच्या अवस्थेनुसार हिशोब जुळवायचा आणि हॉस्पिटलवार निकाल जाहीर करायचा. न्यूजडे या वृत्तपत्राने कोर्टात जाऊन सर्जनवार आकडेही मिळवले आणि १९९१ च्या डिसेंबरात ते नावानिशी छापून आले. दहावीचा निकालच म्हणा ना. १९८९ ते १९९२ या काळात तिथला जोखीम-समायोजित मृत्युदर ४.१७ वरून २.४५ टक्क्यांवर उतरला. जोरदार टाळ्या.

पण थांबा. त्याच विद्यात आणखी एक गंमत दिसत होती. पेशंटना दमा-सीओपीडीसारखा फुप्फुसाचा जुनाट विकार असल्याची नोंद १९८९ मध्ये ६.९ टक्के होती, ती १९९१ मध्ये १७.४ टक्के झाली. दोन वर्षांत न्यूयॉर्कची हवा एवढी बिघडली? तसं नाही. त्या रकान्याला गुण आहेत हे कळल्यावर लोक तो नीट भरू लागले. काही जास्तच 'नीट' भरू लागले असावेत. शिवाय अवघड पेशंट राज्याबाहेर पाठवले जातात असाही आरोप झाला. क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी त्याला दुजोरा देणारा अभ्यास छापला, तर दुसऱ्यांनी तसं काही दिसत नाही असं दाखवलं. ज्याने कधी अप्रेझलच्या आधी टिकेटं बंद केली आहेत त्याला मी काय वेगळं सांगणार.

असो. माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट इंग्लंडातली आहे. दोन शहरं, एकच ऑपरेशन, जवळपास तीच वर्षं.

काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य धमन्या जन्मतःच अदलाबदल झालेल्या असतात. त्या कापून पुन्हा योग्य जागी जोडायच्या, आणि सोबत हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या काडीएवढ्या धमन्याही हलवायच्या, याला आर्टेरियल स्विच म्हणतात. बाळ काही दिवसांचं, हृदय त्याच्या मुठीएवढं.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलात मार्क द लवाल हे जगातल्या नावाजलेल्या सर्जनांपैकी एक हे ऑपरेशन करत. पहिल्या ५२ बाळांत एक मृत्यू. अफाट कामगिरी. आणि मग पुढच्या १६ बाळांत सात मृत्यू. दुर्दैव म्हणायचं, की हात बिघडला म्हणायचं? द लवाल यांनी मान्य केलं की आपल्याला माहीत नाही. ज्यांचे निकाल चांगले होते अशा दुसऱ्या सर्जनकडे जाऊन ते पुन्हा शिकले आणि त्यानंतर त्यांचे निकाल सुधारले. मग डेव्हिड स्पीगलहाल्टर या संख्याशास्त्रज्ञाला सोबत घेऊन त्यांनी स्वतःच्या अपयशाचं विश्लेषण १९९४ मध्ये चक्क छापलं. त्यासाठी वापरलेलं तंत्र होतं क्युसम. ते १९५४ चं, कारखान्यातल्या क्वालिटी कंट्रोलसाठी इ. एस. पेज यांनी काढलेलं. शिवाय त्यांनी नुसते मृत्यू मोजले नाहीत, 'थोडक्यात वाचलं' असे प्रसंगही मोजले. उदाहरणार्थ, हार्ट-लंग मशीन काढून पाहिलं आणि बाळाला पुन्हा त्यावर घ्यावं लागलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पडायची वाट न बघता लॉगमधल्या वॉर्निंग वाचल्या.

आता ब्रिस्टल. तिथे १९८८ मध्ये स्टीफन बोल्सिन हे भूलतज्ज्ञ रुजू झाले. ऑपरेशनं फार लांबताहेत आणि बाळं फार दगावताहेत असं त्यांना वाटू लागलं. १९९० मध्ये त्यांनी हॉस्पिटलच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. काही घडलं नाही. मग एका सहकाऱ्याबरोबर ते स्वतःच आकडे जमवायला लागले. वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं : आमच्या केसेस अवघड असतात, आकडे लहान आहेत, आम्ही शिकण्याच्या टप्प्यावर आहोत. यातलं एकही वाक्य वरवर चूक नाही हे लक्षात घ्या. म्हणूनच ते धोकादायक.

११ जानेवारी १९९५ च्या संध्याकाळी तिथे बैठक झाली. दुसऱ्या दिवशी दीड वर्षाच्या एका मुलाचं स्विच ऑपरेशन होतं. बोल्सिन म्हणाले, करू नका. बाकीच्यांनी ठरवलं, करायचं. १२ तारखेला ऑपरेशन झालं आणि तो मुलगा गेला.

पुढे चौकशी झाली. मेडिकल कौन्सिलने १९९८ मध्ये एक सर्जन आणि हॉस्पिटलचे प्रमुख (तेही डॉक्टरच) यांची नावं नोंदवहीतून काढली. दुसऱ्या सर्जनला मुलांवर ऑपरेशन करायला बंदी घातली. २००१ मध्ये आलेल्या सार्वजनिक चौकशीच्या अहवालानुसार १९९१ ते १९९५ मध्ये, इंग्लंडातल्या इतर केंद्रांच्या मानाने, ओपन हार्ट ऑपरेशननंतर एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळं जास्त दगावली होती. (यातलं संख्याशास्त्र पुन्हा स्पीगलहाल्टर यांच्याच टीमचं.) आणि बोल्सिन? त्यांनी १९९६ मध्येच इंग्लंड सोडलं आणि ऑस्ट्रेलियात नोकरी धरली.

अहवालातला मला सगळ्यात बोचलेला निष्कर्ष असा, की ब्रिस्टलमध्ये विद्याचा तुटवडा नव्हता. उलट तो भरपूर होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून प्रश्न विचारण्यापुरते आकडे हाताशी होते. ते वाचून थांबायचं कुणी, हे मात्र ठरलेलं नव्हतं. लंडनमध्ये ज्याचे आकडे होते त्यानेच ते वाचले, एवढाच फरक.

लंडनच्याच काही सर्जन-गणितज्ञांनी १९९७ मध्ये एक सुंदर आलेख सुचवला, व्लाड नावाचा. हे म्हणजे सर्जनचं पासबुक. पेशंटचा धोका २ टक्के होता आणि तो वाचला, तर खात्यात ०.०२ जमा. दगावला तर ०.९८ वजा. २० टक्के धोक्याचा पेशंट वाचला तर ०.२० जमा, गेला तर ०.८० वजा. रेघ शून्याच्या आसपास राहिली तर अपेक्षेप्रमाणे काम चालू आहे. सतत खाली घसरायला लागली तर पुढच्या सोमवारची वाट न बघता थांबा. अवघड पेशंट घेणाऱ्यावर यात अन्याय होत नाही. सोपा पेशंट गमावणं मात्र फार महाग पडतं.

पण हे पासबुक 'अपेक्षित' आकड्यावर चालतं, आणि तो आकडा शिळा होतो. पार्सोनेट लवकरच जुना झाला. १९९५ च्या शेवटी आठ युरोपीय देशांतल्या सुमारे १९ हजार पेशंटांचा विदा जमवून १९९९ मध्ये युरोस्कोअर आला. त्यामागे केंब्रिजजवळच्या पॅपवर्थ हॉस्पिटलचे समीर नाशेफ आणि फ्रान्सचे फ्रान्स्वा रोक ही प्रमुख नावं. सतरा प्रश्न, साठीनंतर दर पाच वर्षांना एक गुण, आधी ओपन हार्ट झालं असेल तर तीन. (डायबिटीस त्यात नव्हताच! पुढच्या आवृत्तीत इन्सुलिनवरचा डायबिटीस आला.) २०१० मध्ये ४३ देशांत पुन्हा मोजणी केली तेव्हा जुन्या सूत्राने मृत्युदर ७.५७ टक्के यायला हवा होता, प्रत्यक्षात होता ३.९. शस्त्रक्रिया सुधारली होती, फूटपट्टी तीच राहिली होती. त्या पट्टीने मोजलं तर जगातला जवळपास प्रत्येक सर्जन हिरो. म्हणून २०१२ मध्ये युरोस्कोअर-टू आला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

फॉलोअपला गेलो तेव्हा धीर करून विचारलं, "डॉक्टर, ते दोन टक्के कुठून आले?" ते रागावले नाहीत. युरोस्कोअर-टू, म्हणाले, १.९ आला होता, मी दोन सांगितला. "आणि तुमचा स्वतःचा?" क्षणभर थांबले. "मृत्यू किती ते माहीत आहे. अपेक्षित किती होते, ते असं लावून कधी बघितलं नाही." मग असिस्टंटकडे वळून म्हणाले, गेल्या वर्षीचे सगळे स्कोअर काढून ठेव रे.

आई रिक्षात माझ्यावर चिडली होती. माणूस बरा झाला, वर त्यांची परीक्षा कसली घेतोस? बाबा मात्र गप्प होते. आयुष्यभर बँकेत काढलेली. पासबुकाची भानगड मी त्यांना आदल्या रात्री समजावली होती.

"म्हणजे मी वाचलो," ते म्हणाले, "तर त्यांच्या खात्यात जमा किती झाले?"

"शून्य पूर्णांक शून्य एक नऊ."

"एवढेच?"