खारेपाटातील जोळ

गोल्फच्या मैदानावरील हिरवळ राखणाऱ्यांनी आपली व्यावसायिक मंडळे स्थापावी, ही गोष्ट पेण-रोह्याकडील वाचकास प्रथमदर्शनी गमतीची वाटेल. परंतु 1926 साली अमेरिकेत टोलेडो शहराजवळ असे राखणदार एकत्र जमले, कर्नल जॉन मॉर्ले यांस त्यांनी अध्यक्ष केले, आणि दुसऱ्याच वर्षी स्वतःचे मासिक काढले. ब्रिटनमधील निरनिराळी मंडळे 1987 साली एक झाली. गवत कापणाऱ्यास मासिक कशाला, असे कोणी विचारील. माती, पाणी व कीड यांविषयी एकास जे उमगले ते दुसऱ्यास कळावे, आणि मालक जो क्लब त्याच्यापुढे आपल्या विद्येचे मोल ठरावे, एवढ्याचकरिता.

जमीन राखण्याचे याहून कितीतरी कठीण काम आमच्या खारेपाटात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पेणची भोगावती, नागोठण्यावरून येणारी अंबा, रोह्याची कुंडलिका, या नद्यांतून भरतीचे पाणी दूरवर आत शिरते. ते बाहेरकाठ्याने अडवून मागे भात पिकवावयाचे. बाहेरकाठा म्हणजे चिकणमातीचा बांध. त्यात ठिकठिकाणी उघाडी ठेवलेली. ओहोटीस आतल्या पाण्याच्या रेट्याने उघाडीची झडप उघडते व पावसाचे पाणी निघून जाते. भरतीस समुद्र स्वतःच ती लावून घेतो! युक्ती मोठी सुबक, पण तिचा शत्रू क्षुद्र आहे. खेकडा बांधास बीळ पाडतो, उधाणाच्या वेळी त्यातून धार लागते, आणि रात्रीतून खांड पडते. खारे पाणी एकदा शेतात शिरले म्हणजे जमिनीची खार धुऊन निघण्यास दोनतीन पावसाळे खर्ची पडतात. राता भातासारखे खार सोसणारे वाणही तेथे हात टेकतात. म्हणून बांधाच्या राखणीत सारे कौशल्य हे की, बीळ लहान आहे तोवरच ते दिसले पाहिजे.

ही नजर कोणी ठेवावी? पेणकडील शिलोत्री पद्धतीत बाहेरचा बांध शिलोत्रदाराने राखावा आणि कुळाने त्याबद्दल भात द्यावे, अशी वहिवाट असे. 1883 च्या कुलाबा गॅझेटिअरात तिची हकीकत आली आहे. शेतकरी आपसांत मिळून बांधबंदिस्ती करीत, त्या व्यवस्थेस जोळ म्हणत. ज्याची जितकी जमीन तितके त्याचे श्रम, हा तिचा हिशेब. जोळाचे गुणगान करणाऱ्यांशी आम्ही बव्हंशी सहमत आहो. तथापि मोजमाप जमिनीवरून होणार, तेव्हा ज्याच्या डोक्यावर मातीची टोपली पण नावावर गुंठाही नाही, त्याचा शब्द तेथे कितपत चालणार? टोलेडोचे मंडळ मालकांचे नव्हते, राबणाऱ्यांचे होते. हा भेद लहान नव्हे.

पुढे 1948 साली खार जमिनींचा कायदा झाला, त्यान्वये विकास मंडळ आले. 1979 साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. मध्यंतरी कूळकायद्याने व खोती रद्द झाल्याने जुने मालक बाजूस झाले. ते योग्यच झाले. खोतांच्या जाचाविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे संप केला होता, हे विसरता येत नाही. परंतु बांध सरकारी झाला तसा जोळ सैल पडला. बीळ पाहणारा गावात, माती टाकण्याची मंजुरी कचेरीत. त्या दोहोंमधील अंतर कागदाने कापावयाचे, आणि उधाण मात्र पंचांगाप्रमाणे येते.

खांड वेळीच बुजली नाही तर खाऱ्या चिखलात कांदळे रुजतात. ती मत्स्यबीजास व किनाऱ्यास हितकर असून 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीविरुद्ध कडक निर्णय दिला. त्यास आमचा विरोध नाही. पण अशा शेताच्या धन्यास ना पीक, ना ते झाड हलविण्याची मुभा. सातबाऱ्यावर त्याचे नाव तेवढे राहते.