विजय बारसे

विजय बारसे हे नागपूर येथील क्रीडाशिक्षक, फुटबॉल प्रशिक्षक आणि 'झोपडपट्टी फुटबॉल' या उपक्रमाचे प्रवर्तक आहेत. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात ते क्रीडा विषयाचे प्राध्यापक होते. वस्त्यांमधील मुलांसाठी त्यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या कार्यातून 'स्लम सॉकर' या नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. नागराज मंजुळे दिग्दर्शित 'झुंड' (२०२२) हा हिंदी चित्रपट त्यांच्या कार्यावर आधारित आहे.

== पार्श्वभूमी ==

हिस्लॉप महाविद्यालयाची स्थापना १८८३ मध्ये झाली. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते. महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेत संघात निवड होण्यासाठी खेळाडू त्या महाविद्यालयाचा विद्यार्थी असणे आवश्यक असते. त्यामुळे शाळा अर्धवट सोडलेल्या किंवा कधीच शाळेत न गेलेल्या मुलांना खेळाचे कौशल्य असूनही या व्यवस्थेत स्थान मिळत नाही. बारसे यांचे पुढील कार्य या मर्यादेबाहेर घडले.

== झोपडपट्टी फुटबॉल ==

२००१ मध्ये भर पावसात वस्तीतील काही मुले फुटकी बादली लाथाडत खेळत असल्याचे बारसे यांनी पाहिले व त्यांना फुटबॉल दिला. मैदानावर असेपर्यंत ही मुले व्यसने आणि गुन्हेगारीपासून दूर राहतात, असे त्यांच्या लक्षात आले. या निरीक्षणातून त्यांनी केवळ झोपडपट्टीतील खेळाडूंसाठी स्पर्धा भरवली. पहिल्या स्पर्धेत १२८ संघ सहभागी झाले.

या स्पर्धेत खेळण्यासाठी महाविद्यालयीन प्रवेशाची किंवा एखाद्या क्लबच्या सदस्यत्वाची गरज नव्हती. एरवी हिणवण्यासाठी वापरला जाणारा 'झोपडपट्टी' हा शब्द येथे सहभागाची पात्रता ठरला. उपक्रमाच्या संचालनासाठी क्रीडा विकास संस्था, नागपूर ही संस्था काम करू लागली. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेचा विनियोगही बारसे यांनी या कार्यासाठी जागा घेण्याकरिता केला. त्यांचे पुत्र अभिजित बारसे अमेरिकेतून परतल्यानंतर या कामात सहभागी झाले व पुढे त्यांनी संस्थेची धुरा सांभाळली.

== आंतरराष्ट्रीय सहभाग ==

बेघर व समाजाच्या परिघावरील व्यक्तींसाठीची 'होमलेस वर्ल्ड कप' ही स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे प्रथम भरवण्यात आली. लहान मैदानावर प्रत्येक संघाचे चार खेळाडू खेळतात व सामन्याचा प्रत्येक अर्ध सात मिनिटांचा असतो. स्लम सॉकरच्या माध्यमातून भारतीय संघ या स्पर्धेत सहभागी होत आले आहेत. नागपूरच्या वस्तीतून पुढे आलेले अखिलेश पॉल यांनी २०१० मधील रिओ दी जानेरो येथील स्पर्धेत भारतीय संघाचे नेतृत्व केले व नंतर ते प्रशिक्षक झाले. २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला.

== लोकमाध्यमांतील चित्रण ==

आमिर खान यांच्या 'सत्यमेव जयते' या दूरचित्रवाणी मालिकेच्या तिसऱ्या पर्वातील पहिल्या भागात (ऑक्टोबर २०१४) या कार्याची ओळख करून देण्यात आली. ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या 'झुंड' चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी बारसे यांच्यावर बेतलेली विजय बोराडे ही भूमिका साकारली. वस्तीतील मुलांच्या भूमिकांसाठी नागपुरातील नवोदित तरुणांची निवड करण्यात आली होती. महाविद्यालय आणि वस्ती यांना विभागणारी भिंत ही या चित्रपटातील महत्त्वाची प्रतिमा आहे.

== वारसा ==

महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या कारकिर्दीचे मूल्यमापन सामान्यतः जिंकलेल्या स्पर्धा आणि घडवलेले नामवंत खेळाडू यांवरून केले जाते. बारसे यांच्या कार्याला हे निकष पुरेसे लागू पडत नाहीत. वस्तीतील फार थोडी मुले व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोहोचू शकतात. उपक्रमाचा मूळ हेतूही तो नव्हता. खेळाच्या निमित्ताने मुलांमध्ये नियमितपणा, संघभावना आणि स्वतःविषयी विश्वास निर्माण व्हावा, ही त्यामागील भूमिका होती.

चित्रपटामुळे हे कार्य एका व्यक्तीच्या नावाशी जोडले गेले असले, तरी त्याचे सातत्य वस्त्यांमधूनच तयार झालेल्या प्रशिक्षकांवर अवलंबून आहे. पूर्वी खेळाडू म्हणून आलेले तरुण पुढील मुलांना शिकवतात. फुटबॉलच्या साहाय्याने गणितासारखे विषय शिकवणे, तसेच मुलींसाठी व कर्णबधिर मुलांसाठी स्वतंत्र उपक्रम राबवणे, असा या कार्याचा पुढे विस्तार झाला. प्रवर्तक दैनंदिन कामातून दूर झाल्यानंतरही उपक्रम चालू राहण्याच्या दृष्टीने ही साखळी महत्त्वाची ठरते.