दातांवरचा कण : मशेरीपासून नॅनोपर्यंत

मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तेथे टेकडीवर पूर्णगडाचा छोटेखानी किल्ला उभा आहे. ओहोटीच्या वेळी अशा किनाऱ्यावरच्या खडकांत आपण उतरलो, तर खडकाला घट्ट चिकटलेल्या, टोपीच्या आकाराच्या शिंपल्या दिसतात. हे लिंपेट नावाचे गोगलगाईच्या कुळातले प्राणी. खडकावरचे शेवाळ खरवडून ते पोट भरतात आणि त्यासाठी त्यांच्या जिभेवर दातांच्या ओळी असतात. एकेक दात मिलिमीटरहूनही लहान. युरोपातील लिंपेटच्या दातांची ताकद पोर्ट्समथ विद्यापीठातील आसा बार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत हे दात कोळ्याच्या धाग्यालाही मागे टाकतात असे दिसले. त्यांच्यात गोएथाइट या लोहखनिजाचे अतिसूक्ष्म तंतू दाटीने रचलेले असतात.

गंमत अशी की हेच खनिज आपल्या कोकणच्या जांभ्यातही असते. घराचा चिरा सहज तासता येतो आणि त्याच खनिजाचा दात मात्र खडक खरवडतो! द्रव्य एकच असले तरी कणांचे माप आणि त्यांची रचना बदलली की गुण बदलतात.

आपल्या दातांची गोष्टही अशीच आहे. दातावरचे कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त खनिजाचे लांबट स्फटिक त्यात शेजारी शेजारी रचलेले असतात. त्यांची जाडी भरते पंचवीस नॅनोमीटरच्या आसपास. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. लिंपेटची झिजलेली ओळ जाऊन मागून नवी ओळ पुढे येते. आपले मात्र तसे नाही. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, म्हणून दातांना काय घासावे हा प्रश्न किरकोळ नाही.

आपल्याकडे राख, मीठ, कोळसा चालत आला. त्यासोबत घरोघर मशेरीही होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. दात स्वच्छ होतात या समजुतीने सुरू झालेली सवय सुटत नसे, कारण ते व्यसनच होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. तेथील डॉ. फली मेहता व सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांत १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीने तोंडातील पांढरे चट्टे आणि कर्करोग यांची तंबाखूच्या सवयींशी सांगड घालून दाखवली. आमच्या मते शाळेत सांगण्याजोगे एवढे मोठे काम आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. १९९२ साली दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास देशात बंदी आली. घरची मशेरी अर्थातच कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली.

दाताला त्याच्याच द्रव्याचा कण द्यावा ही कल्पना जपानमध्ये रुजली. तेथील सांगी कंपनीने अमेरिकेच्या नासा संस्थेकडील एका पेटंटच्या आधारे हायड्रॉक्सिॲपेटाइट असलेली टूथपेस्ट १९८० मध्ये बाजारात आणली. दात किडण्याला प्रतिबंध करणारे द्रव्य म्हणून १९९३ मध्ये तेथील सरकारने त्याला मान्यता दिली. पुढे कण आणखी बारीक करण्यात आले. तोंडातील आम्ल वाढून सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिज विरघळू लागते. सुरुवातीच्या या सूक्ष्म पोकळ्यांत शिरायचे, तर कणही तेवढाच बारीक हवा.

खड्डा पडला की मात्र तो भरावाच लागतो. १९६२ साली अमेरिकेत राफाएल बोवेन यांनी राळेसारख्या द्रव्यात सिलिकाची पूड मिसळून दाताच्या रंगाचे भरण तयार केले. ती पूड जाडी होती. चावताना राळ झिजे, कण वर येत, पृष्ठभाग खरखरीत होऊन त्यावर डाग धरत. १९७० च्या दशकात सुमारे ४० नॅनोमीटरचे सिलिकाकण वापरात आले. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून (४०० ते ७०० नॅनोमीटर) ते कितीतरी लहान असल्याने झिजेमुळे उरणारा खडबडीतपणा डोळ्यांना जाणवत नाही आणि चकाकी टिकते. त्या भरणांचे नाव होते ‘मायक्रोफिल’! ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द नोरिओ तानिगुची यांनी वापरला तो १९७४ साली. म्हणजे वस्तू दवाखान्यात पोचली तेव्हा तिचे खरे नाव लोकांच्या तोंडी नव्हते. मात्र इतक्या बारीक कणांचे एकूण पृष्ठफळ अफाट असते. थोडे मिसळताच राळ घट्ट होई, म्हणून कण फार भरता येत नसत आणि भरण दाढांचा दाब सोसण्यास कमी पडे. २००२ मध्ये बाजारात आलेल्या भरणांत सुटे नॅनोकण आणि त्यांचे घोस असे दोन्ही एकत्र वापरून ही अडचण बरीचशी दूर केली गेली.

इतका बारीक कण गिळला गेला तर काय, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. युरोपीय आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये टूथपेस्टमध्ये नॅनो हायड्रॉक्सिॲपेटाइट १० टक्क्यांपर्यंत सुरक्षित मानले, पण कणांच्या आकाराची अट घालून. आखूड, दांडीसारखे कण चालतील. सुईसारख्या कणांना त्या निर्वाळ्यात जागा नव्हती.