गुडघ्यामागची धमनी आणि न थांबणारे रक्त

१/ मार्च १८८४. फ्रान्समधील कान शहरी राणी व्हिक्टोरियाचा पुत्र लिओपोल्ड घसरून पडला; गुडघ्याला इजा झाली. दुसऱ्याच दिवशी वयाच्या ३० व्या वर्षी तो मरण पावला. त्याला हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाची जन्मजात उणीव.

२/ या व्याधीत सांध्यांत वारंवार रक्त साचते आणि गुडघा तारुण्यातच निकामी होतो. परंतु तो बदलणे जोखमीचे. कारण सांध्याच्या लगत मागून पॉप्लिटिअल धमनी जाते. ती दुखावल्यास निरोगी माणसाचाही पाय गमावण्याची भीती असते.

३/ रक्तवाहिन्या सांधण्याची रीत अलेक्सी कॅरेल यांनी १९०२ मध्ये मांडली. १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हिमोफिलियात मात्र टाका पुरेसा नव्हता. रक्तच गोठत नसेल, तर कुशल हातही हतबल.

४/ १९६४ मध्ये स्टॅनफर्ड येथे ज्युडिथ पूल यांनी दाखवले, की गोठवलेला रक्तद्रव थंडीतच सावकाश वितळवल्यास उरणाऱ्या साक्यात घटक ८ एकवटतो. ‘ए’ प्रकारच्या रुग्णांना मोठ्या शस्त्रक्रियांचा मार्ग खुला झाला.

५/ किंमतही भयंकर पडली. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून बनलेल्या औषधांमधून १९८० च्या दशकात असंख्य रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली.

६/ आज धमनीला इजा झाल्यास दाब देऊन रक्त रोखतात, घटकाची पातळी निरोगी माणसाइतकी राखतात आणि वाहिनी शिवतात, शिरेचा तुकडा जोडतात किंवा आतून स्टेंट बसवतात. घटक पुढेही कित्येक दिवस द्यावा लागतो; तो लवकर थांबवला, तर सांधलेली जागा पुन्हा वाहू शकते.