सोनगीरचा हंडा आणि पाण्यात बुडणारा हात

मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या उत्तरेला सोनगीर आहे. हा मुलूख फारुकी सुलतानांचा. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश अकबराकडे गेला. सोनगीरला किल्ला आहे, पण त्याचे नाव झाले ते तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे. इतिहासात आपण किल्ले मोजतो, हंडे मोजत नाही. मला हंड्याबद्दलच लिहायचे आहे.

१८९९-१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात भुकेबरोबर पटकीनेही, म्हणजे कॉलऱ्यानेही, माणसे नेली. विहिरी आटल्या की उरलेल्या पाण्यावर सगळा गाव येतो आणि एकाची घाण सगळ्यांच्या पोटात जाते. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनच्या जॉन स्नोने १८५४ मध्येच दाखवले होते. तरी माणसे मरतच राहिली, कारण कळणे वेगळे आणि घरात स्वच्छ पाणी असणे वेगळे.

आपल्या आज्या तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवत. २०१२ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी हे तपासून प्रसिद्ध केले. तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात पटकी, हगवण आणि विषमज्वराचे जंतू जिवंत सापडले नाहीत.

यावर खूश होऊन थांबू नये. रात्रभर साठवलेल्या पाण्यात सकाळी कोणी न धुतलेल्या हाताने पेला बुडवला, तर नवे जंतू आत जातात आणि पुढचा माणूस ते लगेच पितो. मारायला तांब्याला वेळच मिळत नाही. म्हणून धातूइतकाच भांड्याचा आकारही महत्त्वाचा. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये पटकीच्या रुग्णांच्या घरी अरुंद तोंडाच्या सुरया दिल्या, तेव्हा घरातल्या इतरांना होणारी लागण घटली. सुरईत हात जातच नाही.

आपल्या वुजूच्या बधन्याचेही तेच. तोटीतून धार पडते, हात बाहेर राहतो. झोपेतून उठल्यावर हात धुतल्याशिवाय भांड्यात घालू नका, अशी हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मग स्वयंपाकघरातल्या पिंपात पेला का बुडवतो?

खानदेशात नळाला रोज पाणी येत नाही अशी गावे कमी नाहीत, त्यामुळे साठवणे सुटणार नाही. आता हंडा जाऊन प्लास्टिकचे पिंप आले आहे. त्याला झाकण, तोटी किंवा लांब दांड्याचा डाव, आणि शौचानंतर साबण एवढे तरी हवे. जुलाब मोठ्यांना दोन दिवस झोपवतो, तान्ह्याचा जीव घेतो.