एर्ट्सबर्ग

पश्चिम न्यू गिनीच्या मध्यवर्ती पर्वतरांगेतील तांबे व सोन्याचे धातुकस्थान. इंडोनेशियाच्या मध्य पापुआ प्रांतात (प्रांत २०२२ पासून, जुन्या नकाशांत इरियन जाया) मिमिका जिल्ह्यात, पुंचाक जाया (४,८८४ मी.) या देशातील सर्वोच्च शिखराजवळ, सुमारे ३,५०० मी. उंचीवर. येथील मूळ धातुक खणून संपले असून शेजारच्या ग्रासबर्गला जागतिक महत्त्व आले आहे. शोधाचा इतिहास मात्र एर्ट्सबर्गपासूनच सुरू होतो.

ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत ज्वालामुखी बेटांच्या चापाला भिडला आणि समुद्रतळाचा चुनखडक हजारो मीटर वर उचलला गेला. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी त्यात खालून शिलारस घुसला. सह्याद्रीचा काळा कातळ याहून वीसपटींनी जुना आहे, इतके हे ताजे! शिलारसातून निघालेल्या उष्ण, धातुयुक्त द्रवांची चुनखडकाशी रासायनिक प्रक्रिया होऊन स्कार्न प्रकारचा खडक बनला. त्यात मॅग्नेटाइटबरोबर कॅल्कोपायराइट व बोर्नाइट ही तांब्याची खनिजे आणि थोडे सोने साचले. पुढे हिमनद्यांनी भोवतालचा मऊ खडक खरवडून नेला. कठीण धातुक तेवढे उघड्यावर काळ्या सुळक्यासारखे उभे राहिले. तांबे इतके उघडपणे दिसण्याची उदाहरणे जगात थोडी आहेत.

या भागातील बर्फ यान कार्स्टेन्सझोन या डच दर्यावर्द्याने १६२३ मध्ये समुद्रातूनच पाहिले. विषुववृत्तापाशी हिमशिखरे असल्याचे त्याचे म्हणणे युरोपात कोणी मानले नाही. खोऱ्यांत राहणाऱ्या आमुंग्मे लोकांना हे डोंगर पिढ्यानपिढ्या ठाऊक होते, आणि ते त्यांना पवित्र मानत. ‘शोध’ हा शब्द येथे बाहेरच्यांच्या नोंदीपुरताच घ्यायचा.

१९३६ मध्ये अंतोनी कोलाइन, वैमानिक फ्रित्स विसेल आणि भूशास्त्रज्ञ झां जाक दोझी हे तिघे डच गृहस्थ शिखराच्या ओढीने निघाले. तिघेही न्यू गिनीत खनिज तेल शोधणाऱ्या कंपनीशी संबंधित होते. तांबे त्यांच्या मनातही नव्हते. त्यांनी न्गा पुलूचे हिमाच्छादित शिखर गाठले. अवघड कार्स्टेन्स पिरॅमिड (म्हणजेच पुंचाक जाया) मात्र १९६२ मध्ये हाइनरिख हारर याच्या तुकडीपर्यंत अजिंक्य राहिला. १९३६ च्या मोहिमेतच दोझीला हिमनदीने कोरलेल्या दरीत हिरव्या-निळ्या डागांचा काळा खडक दिसला. त्याने नमुने घेतले, चित्र रेखाटले, नाव दिले. शेजारचा गवताळ डोंगरही त्याने ग्रासबर्ग म्हणून नोंदला. १९३९ मध्ये त्याचा अहवाल लायडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात छापून आला. लगोलग युद्ध पेटले आणि अहवाल ग्रंथालयात पडून राहिला.

तो वीस वर्षांनी वाचला गेला, आणि या वाचनाचे मोल शिखर चढण्याहून कमी नाही. १९५९ मध्ये यान फान ख्रौइसेन या डच खाण-व्यवस्थापकाने तो अमेरिकेच्या फ्रीपोर्ट सल्फर कंपनीतील फोर्ब्स विल्सन यांच्या नजरेस आणला. १९६० मध्ये विल्सन डोंगी आणि पायवाटेने, दलदल व पावसाळी अरण्य ओलांडत तेथे पोहोचले. सामान वाहिले ते स्थानिक लोकांनी. दोझीची नोंद खरी ठरली. नंतरच्या वेधनांतून सुमारे ३.३ कोटी टन धातुक आणि त्यात अडीच टक्के तांबे असल्याचा अंदाज निघाला.

१९६३ मध्ये प्रदेश इंडोनेशियाच्या ताब्यात गेला. फ्रीपोर्टचा करार एप्रिल १९६७ मध्ये झाला. प्रदेशाचे भवितव्य ठरवणारे, आजही वादग्रस्त असलेले सार्वमत मात्र १९६९ चे. हा क्रम विसरता येत नाही. आमुंग्मे लोकांच्या भूमीचा व्यवहार त्यांच्यावाचून झाला. १९७३ मध्ये अध्यक्ष सुहार्तो यांनी खाणीचे उद्घाटन केले. कड्यावरचे धातुक तारेवरच्या पाळण्यांतून खाली गिरणीत येई; तेथून लगदा करून नळाने शंभराहून अधिक किमी. दूर किनाऱ्यावर जाई.

१९८० च्या दशकात एर्ट्सबर्ग संपत आले. मग १९८८ मध्ये जेमतेम दोन-तीन किमी. अंतरावरच्या ग्रासबर्गमध्ये वेधन केले, तेव्हा शेकडो मीटर खोलीपर्यंत तांबे-सोने लागले. दोझीच्या नोंदीनंतर बावन्न वर्षे तो डोंगर डोळ्यांसमोर होता. पृष्ठभागावरील तांबे पावसाच्या पाण्याने धुऊन गेले होते, म्हणून एर्ट्सबर्गसारखी ठळक खूण वर नव्हती. येथील धातुक पॉर्फिरी प्रकारचे : मोठ्या अंतर्वेशी खडकात बारीक शिरांच्या जाळ्यात विखुरलेले, प्रतवारीत साधारण पण आकाराने प्रचंड.

अर्थव्यवस्था : सांद्रित धातुक आमामापारे बंदरातून जाते, पूर्व जावातील ग्रेसिक येथे वितळशाळा आहेत. २०१८ पासून खाण चालवणाऱ्या कंपनीचे ५१.२३ टक्के भागभांडवल इंडोनेशिया सरकारच्या कंपनीकडे.

उत्पादन भरात असताना गिरणीतील गाळ दिवसाला दोन लाख टनांहून अधिक प्रमाणात आइक्वा नदीत सोडला जात असे. सखल भागातील कामोरो लोकांची मासेमारी व साबुदाण्याच्या ताडांची वने त्याखाली आली. ग्रासबर्गची उघडी खाण २०१९ मध्ये बंद होऊन काम भूमिगत झाले. त्याआधी मे २०१३ मध्ये प्रशिक्षणाच्या बोगद्याचे छत कोसळून २८ कामगार, तर नंतर ८ सप्टेंबर २०२५ रोजी भूमिगत खाणीत ओल्या चिखलाचा लोंढा घुसून सात कामगार मरण पावले.